धिंगरीच्या खोलींत हवा खेळती ठेवण्याचे स्वस्त उपाय

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गव्हाचें काड, भाताचा पेंढा व सोयाबीनचें भुसकट यांची वाण नाहीं. त्यांवर धिंगरी अळिंबीचें पीक घेण्यास शेतजमीन लागत नाहीं; घरामागची एखादी खोली किंवा गोठ्याचा रिकामा सोपा पुरतो. म्हणून अल्पभूधारक कुटुंबें व स्त्रियांचे बचत गट या जोडधंद्याकडे वळतात. परंतु पहिल्या तोडणीसच कित्येकांची निराशा होते. अळिंबी लांब देठांची व चिमुकल्या टोप्यांची निघते, बाजारांत तिला कोणी विचारीत नाहीं, आणि दोष बियाण्यावर ठेवला जातो. पुष्कळदां तो दोष बियाण्याचा नसून खोलींत कोंडलेल्या हवेचा असतो. तो दूर करण्यास मोठा खर्च लागत नाहीं, हें येथें दाखवावयाचें आहे.

अळिंबी ही हिरवी वनस्पति नव्हे. ती आपल्यासारखीच प्राणवायु घेते व कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकते. बाहेरच्या हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ४२० भाग असतात. भरलेल्या बंद खोलींत ते थोड्याच वेळांत कितीतरी पटींनीं वाढतात. पिशव्या भरल्यापासून पहिले १५ ते २० दिवस, तंतू काडांत पसरत असतां, त्याची फारशी बाधा होत नाहीं. त्या मुदतींत खोली अंधारी व बहुतेक बंद ठेवलेलीच बरी. मात्र पिशव्या उघडून कळ्या दिसूं लागल्या, कीं हें प्रमाण ८०० भागांच्या आंत राखावें. तसें न झाल्यास टोपी ताज्या हवेच्या शोधांत असल्याप्रमाणें देठ लांबत जातो व टोपी वाढत नाहीं.

कोंडलेली हवा काय करते, हें सांगलीकरांस नवें नाहीं. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथें हळद जमिनींतील खोल पेवांत साठवीत आले. पेवाचें तोंड बंद केलें म्हणजे आंतील प्राणवायु संपत जातो. त्यामुळें किडा जगत नाहीं व हळद टिकते. २००५ च्या महापुरांत तेथील पुष्कळ पेवें निकामी झालीं. पेव उघडल्यावर तें पुरेसें हवेशीर झाल्यावांचून माणूस आंत उतरवीत नाहींत, कारण तसा उतरल्यास तो जिवास मुकतो. पूर्वी कंदील खालीं सोडून पाहत. परंतु ही परीक्षा अळिंबीच्या खोलींत उपयोगी नाहीं. दिवा विझण्यास प्राणवायु बराच कमी व्हावा लागतो, आणि पीक तर त्याच्या कितीतरी आधीं बिघडतें. दिवा जळतो म्हणून हवा चांगली, असें समजूं नये.

आतां रचनेकडे वळूं. उदाहरणार्थ १० फूट रुंद, १२ फूट लांब व ९ फूट उंच खोली घेऊं. तींत १०८० घनफूट हवा मावते. ती ताशी चार वेळां बदलावी, असा हिशेब धरावा.

(१) खालचे झरोके. पश्चिमेच्या भिंतींत जमिनीपासून एक वीत उंचीवर नऊ इंची चार झरोके ठेवावे. आपल्याकडे पावसाळी वारा याच बाजूनें येतो.

(२) वरचे झरोके. समोरच्या पूर्व भिंतींत आढ्याखालीं तितक्याच मापाचे चार झरोके असावे. ऊबदार हवा वर चढून त्यांतून निघते व तिच्या जागीं खालून ताजी येते.

(३) जाळी. प्रत्येक झरोक्यास बारीक नायलॉनची जाळी ताणून बसवावी, नाहींतर माशा शिरून पिकाचा नाश करितात. जाळी वारा बराच अडविते, म्हणून झरोके वरीलप्रमाणें ऐसपैस घेतले आहेत. झरोक्यांस फळीचीं झांकणें करावीं.

(४) धुराडें. दुपारीं ओली खोली बाहेरच्याहून थंड असते. तेव्हां आंतील हवा आपोआप वर चढत नाहीं. यासाठीं सहा इंची प्लॅस्टिकच्या नळाचे दोन तुकडे छपरावर पांच-सहा फूट निघतील असे उभे बसवावे, बाहेरून काळे रंगवावे व वर पावसासाठीं टोपी घालावी. उन्हानें नळ तापला म्हणजे आंतील हवेस थोडी ओढ लागते.

कौलारू खोलींत कौलांच्या फटींतूनच बरीच हवा जाते. तेथें खालचे झरोके पुरे होतात. स्लॅबच्या किंवा आंतून प्लॅस्टिक लावलेल्या खोलीस मात्र वरील सर्व व्यवस्था हवी, आणि वारा पडलेल्या दिवसांसाठीं पंखाही हवा. पंख्यावर मिनिटास ३०० घनफूट अशी क्षमता लिहिली असेल, तर जाळीमुळें १५० च धरावी. असा पंखा वरच्या झरोक्यांत बाहेर फेकणारा बसवून ताशी अर्धा तास चालविला, तर ४५०० घनफूट हवा निघते व आपला हिशेब पुरा होतो. पंखा ४० वॅटचा असल्यास दिवसास सुमारें अर्धें युनिट वीज लागेल. खोली ओली असते, म्हणून त्याचें बटण बाहेरच ठेवावें.

हवा दिली कीं ओल उडते, आणि धिंगरीस तर हवेंत ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. येथेंच मुलखाप्रमाणें तारतम्य ठेवावें. पाटण, जावळी, शिराळा या पावसाळी भागांत पावसाळ्यांत ओलीची चिंता नसते. झरोके रात्रंदिवस उघडे ठेवावे. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या भागांत उन्हाळ्यांत खालच्या झरोक्यांवर बाहेरून गोणपाट टांगून तें भिजत ठेवावें, व मुख्य हवा पहांटे आणि रात्रीं द्यावी. छपरावर उसाच्या पाचटाचा थर घातल्यास खोली आणखी थंड राहते; मात्र आगीपासून जपावें.

व्यवस्था साधली कीं नाहीं, हें पाहण्यास यंत्र नको. पेटती उदबत्ती खालच्या झरोक्यापाशीं धरावी. धूर आंत ओढला पाहिजे. वरच्यापाशीं धरल्यास तो बाहेर गेला पाहिजे. यानंतरची परीक्षा पीकच देतें. देठ लांब व टोपी लहान दिसली, तर हवा वाढवावी. टोपीच्या कडा सुकून तडकल्या, तर हवा पुरेशी असून ओल कमी आहे. अशा वेळीं झरोके बंद न करितां गोणपाट व जमीन भिजवावी.

शेवटीं एक सूचना. धिंगरीची टोपी पुरी उलगडली म्हणजे तिच्यांतून असंख्य सूक्ष्म बीजाणू उडतात. ते रोज श्वासांत गेल्यास कित्येकांस खोकला व दम्यासारखा त्रास होतो. म्हणून टोपीच्या कडा वर वळण्यापूर्वींच तोडणी करावी, आंत जाण्याआधीं झरोके उघडावे, तोंडास व नाकास चांगला मास्क बांधावा, आणि ज्या घरांत मुलें निजतात त्या घरांत हें पीक घेऊं नये. खोलीस दिलेली हवा पिकाच्या उपयोगी पडते, तशीच ती त्यांत राबणाऱ्या माणसाच्याही उपयोगी पडते. ज्यांनीं पुढील हंगामासाठीं पिशव्या भरण्याचें योजिलें असेल, त्यांनीं आधीं झरोके पाडावे व मगच काड भिजत घालावें, अशी आमची त्यांस शिफारस आहे.