मॅक पत्त्यावर भिस्त नको

एका महाविद्यालयाचं नेटवर्क माझ्याकडे आलं, तेव्हा वायफायवर कोणाला घ्यायचं हे फ्री-रेडिअस सर्व्हरमधली मॅक पत्त्यांची यादी ठरवत होती. नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बसले आणि यादीत असलेले लॅपटॉपही नाकारले जाऊ लागले.

सर्व्हर डीबग मोडमध्ये चालवल्यावर कारण दिसलं. जुने अ‍ॅक्सेस पॉइंट पत्ता लहान अक्षरांत, कोलन घालून पाठवत. नवे मोठ्या अक्षरांत, आडव्या रेघा घालून. सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. फ्री-रेडिअसमध्ये कॉलिंग-स्टेशन-आयडी, म्हणजे हा पत्ता ज्यात येतो ते क्षेत्र, एकाच साच्यात आणणारी तयार पॉलिसी असते. ही पॉलिसी यादी तपासण्याच्या ओळीआधी लावा आणि यादीही त्याच साच्यात लिहा. पत्ता यादीत नसेल तर स्पष्ट नकार द्यायची ओळही हवीच.

त्यानंतर फोनच्या तक्रारी आल्या. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असाच पत्ता समजा. अशा फोनची नोंद करून उपयोग नाही. तो पत्ता बदलू शकतो.

पण खरा धोका वेगळाच आहे. वायफायला पासवर्ड असला तरी मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. तो टिपणं सोपं आणि दुसऱ्या लॅपटॉपला देणं त्याहून सोपं. संस्थेच्या परवानगीने मी प्रिंटरचा पत्ता माझ्या लॅपटॉपला दिला, तर सर्व्हरने मला प्रिंटर समजून आत घेतलं.

म्हणून माझं सांगणं असं: मॅकची यादी प्रिंटर, कॅमेरे अशा प्रमाणपत्र न चालणाऱ्या उपकरणांपुरतीच ठेवा. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका आणि कामापुरत्याच सर्व्हरपर्यंत पोचू द्या. माणसांच्या लॅपटॉप-फोनसाठी ८०२.१एक्स आणि ईएपी-टीएलएसची प्रमाणपत्रं वापरा. मॅक तपासणीत सहसा तोच पत्ता नाव आणि पासवर्ड म्हणून जातो. म्हणून त्या नोंदी माणसांच्या खात्यांत मिसळू नका. मोडीत गेलेल्या यंत्रांचे पत्ते यादीतून वेळच्या वेळी काढा.

प्रमाणपत्रं द्यायला सुरुवातीला मेहनत पडते, हे खरं. तरीही ती टाळू नका. विद्यार्थ्यांचे गुण आणि कर्मचाऱ्यांचे पगार याच नेटवर्कवर असतात.