तहानेलीं वासरें आणि तांबडी लघवी

दिवसभर पाण्यावांचून राहिलेलें वासरूं एकदम हौदावर सोडलें म्हणजे तें पोट फुगेपर्यंत पाणी पितें. कांहीं तासांतच त्याची लघवी तांबडी होते, तें झोकांड्या देतें व प्रसंगीं दगावतेंही. पाणी निर्मळ असतांना असें कां व्हावें, याचें कारण रक्तांतील तांबड्या पेशींच्या आवरणांत आहे.

हें आवरण स्निग्ध द्रव्यें व प्रथिनें यांचें असतें. १९२५ सालीं हॉलंडांतील गोर्टर व ग्रेंडेल यांनीं मनुष्य, मेंढी, शेळी, ससा इत्यादिकांच्या पेशींतील स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला. पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट जागा त्यानें व्यापली. त्यावरून आवरणांत स्निग्धांशाचे दोन थर असतात हें अनुमान निघालें व पुढें तें खरें ठरलें.

या थरांची घडण प्राण्याप्रमाणें बदलते. मनुष्याच्या पेशींत लेसिथिन पुष्कळ असतें. गाय व मेंढी यांच्या पेशींत तें जवळजवळ नसून त्याची जागा स्फिंगोमायेलिन घेतें. तथापि घडण कोणतीही असो, आवरण सहज वाकतें, पण ताण फारसा सोशीत नाहीं. त्याचें क्षेत्रफळ शेंकडा तीन-चारच वाढलें तरी तें फाटतें.

फार पाणी पोटांत गेल्यानें रक्तांतील द्रव पातळ होतो व पाणी पेशींत शिरतें. चपटी पेशी फुगून गोल होईपर्यंत टिकते, त्यापुढें फुटते. आंतील तांबडें द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडतें. मेंदूसही सूज येते, म्हणून झटके येतात. उंटाच्या लंबगोल, चपट्या पेशी मात्र मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक फुगूनही टिकतात. यामुळेंच तहानेला उंट थोड्या मिनिटांत १०० लिटरपर्यंत पाणी निर्धोकपणें पितो. शेळीच्या बारीक पेशी फार लवकर फुटतात.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं वासरांपुढें स्वच्छ पाणी सदैव ठेवावें. प्रवासानें किंवा टंचाईनें तीं तहानेलीं असल्यास थोडथोडें पाणी, मध्यें अवकाश देऊन, अनेक वेळां पाजावें. तांबडी लघवी गोचिडांपासून होणाऱ्या तापानें, तसेंच व्यालेल्या म्हशींत स्फुरदाच्या उणिवेनेंही होते. या तिन्हींचे उपचार भिन्न आहेत. म्हणून घरगुती औषधांत वेळ न दवडतां पशुवैद्यास तत्काळ बोलवावें, व जनावरानें पाणी केव्हां व किती प्यालें हें त्यास प्रथम सांगावें.