संगणकातील ओळखीच्या फाईली

कलाशाखेच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. परंतु १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आला असून त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात संगणकीय पुराव्याचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. आपल्यापैकी जे पुढे वकिलीकडे वळतील, त्यांना तरी ते ठाऊक हवे. शिवाय नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेच.

हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमधील सारा मजकूर एका ठरलेल्या गणिती रीतीतून काढला की ठराविक लांबीचे मूल्य हाती येते. ‘शा-२५६’ या रीतीत ते ६४ चिन्हांचे असते, मग फाईल चिठ्ठीएवढी असो वा ज्ञानकोशाएवढी. एक काना बदलला तरी सारे मूल्य पालटते. फाईलचे नाव बदलल्याने मात्र काहीच फरक पडत नाही.

जप्त केलेल्या संगणकात लाखो फाईली असतात. त्यांतल्या कितीतरी विंडोजसारख्या प्रणालीच्या. लातूरच्या दुकानातील संगणकात ज्या, त्याच नांदेडच्या कचेरीतही. त्या सगळ्या उघडून पाहणार कोण? अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने मूळ सॉफ्टवेअर गोळा करून त्यांतील फाईलींच्या ठशांची सूचीच प्रसिद्ध केली आहे. जुळल्या त्या बाजूला सारायच्या, उरल्या त्या तपासायच्या. जत्रेत पोलीस पाटील गावकऱ्यांना सोडून परक्यांवर नजर ठेवतो, तसेच हे. मात्र ओळखीचा तो सज्जनच, असे नव्हे: या सूचीत संकेतशब्द फोडणारी अवजारेही आहेत. आणि तुमचे-माझे खाजगी पत्र सूचीत नसते, म्हणून ते संशयास्पद ठरत नाही.

मराठीपुरती एक गंमत सांगतो. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच; ठसे मात्र सर्वस्वी भिन्न. हॅश अर्थ पाहत नाही, केवळ संकेतांक पाहतो.

या रीतीही अभंग नाहीत. ‘एमडी-५’ मध्ये एकच ठसा असलेल्या दोन भिन्न फाईली घडवता येतात, हे २००४ साली चीनमधील शियाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ‘शा-१’ची तीच गत २०१७ मध्ये झाली. आधीच अस्तित्वात असलेल्या फाईलच्या ठशाशी जुळणारी दुसरी फाईल बनविणे अद्याप आवाक्याबाहेर आहे, हे खरे. तरीही नव्या कायद्याच्या नमुन्यात ‘शा-२५६’च्या बरोबरीने या दोन्ही जुन्या रीतींना जागा ठेवली आहे, हे मला खटकते.