करंट जातो कुठे?

समता कॉलोनीत वडिलांची चेतक अजून चालवतो. बजाजने 1972 मध्ये आणलेल्या या स्कूटरच्या जुन्या मॉडेलांत पॉइंटचं इग्निशन असतं. गेल्या पावसाळ्यात प्लगला करंटच येईना. मेकॅनिकने निदान केलं, "भैया, कॉइल गई." नवी कॉइल बसली, गाडी दुकानात सुरू झाली आणि घराच्या फाटकाशी पुन्हा बंद. दुकानात हँडल सरळ होतं, फाटकाशी ते पूर्ण वळतं! इंजिन बंद करायच्या बटणाची तार त्या वळणावर घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. कॉइलला काहीच झालेलं नव्हतं.

त्यामुळे काहीही विकत आणण्याआधी ती तार सोडवून किक मारा. करंट आला तर दोष तारेत. (मग गाडी बंद करायला पेट्रोलचा कॉक फिरवा.)

करंट तपासायचीही रीत आहे. कॉक बंद करा, प्लग काढून टोपीत घाला, त्याचं धातूचं अंग हेडला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब; तिथून पेट्रोलची वाफ निघते. किक सावलीत मारा, उन्हात ठिणगी दिसत नाही. निळी, चटचट वाजणारी हवी. बारीक, पिवळट ठिणगी मोकळ्या हवेत उडते, सिलिंडरमधल्या दाबात मात्र उडेलच असं नाही. इथेच बरेच जण फसतात. स्कूटर कलती करून किक मारण्याचा आपला राष्ट्रीय उपाय पेट्रोलच्या तक्रारीवर, करंटच्या नव्हे.

ठिणगी अशक्त असेल तर टोपी काढून प्लगच्या तारेचं टोक सेंटीमीटरभर कापा आणि टोपी पुन्हा फिरवून बसवा. मग मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट बघा. पूर्ण उघडल्यावर फट 0.3 ते 0.5 मिलिमीटर हवी. फिलर गेजने मोजा, नजरेने नको. पॉइंटमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढा. तेलकट निघाली आणि पुसूनही पुन्हा तेलकट होत असेल, तर क्रँकचं ऑइल सील गेलंय. पॉइंट बदलून भागणार नाही. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर कंडेन्सर बघा.

डिझेल ट्रॅक्टरवाल्यांना यातलं काही नको, तिथे ठिणगीच लागत नाही. जुना पेट्रोलचा फर्ग्युसन असेल तर पॉइंट-कंडेन्सर तेच, फक्त करंट बॅटरीतून येतो, म्हणून आधी बॅटरी बघायची.

थंड असताना सुरू, तापल्यावर बंद, निवल्यावर पुन्हा सुरू, असं होत असेल तर मात्र कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्यावा. कंडेन्सर स्वस्त असतो. आधी तो बदला.