ई-लोडरची रेंज वाढवायची? आधी वही उघडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझी इलेक्ट्रिक तीनचाकी लोडर दाखवली. व्हिडिओत आकडे पटापट बोलले जातात, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण आजचा धडा गाडीचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे.

आधी माझी चूक सांगतो. गाडी घेतली तेव्हा कागदावर रेंज लिहिली होती १२५ किमी. आपलं दुकान भंडाऱ्यात. साकोलीला जाऊन परत यायचं म्हणजे साधारण ८० किमी. मी मनात वजाबाकी केली: १२५ वजा ८०, म्हणजे ४५ किमी शिल्लक. काय टेन्शन आहे? पहिल्याच आठवड्यात गाडी गच्च भरली, हायवेला लागलो आणि ५० च्या वर पळवत साकोलीला पोहोचलो. येताना लाखनी सोडली आणि काही किमीवर गाडी थांबली. मे महिन्याची दुपार, वाटेतल्या दोन दुकानदारांचा माल अजून गाडीतच. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडून माल घेणं बंद केलं. बीबीए केलेला माणूस, आणि साधी वजाबाकी चुकली!

गाडी ओढून न्यायला आलेला ऑटोवाला म्हणाला, "भाऊ, गाडीले काहून दोष देता? तुम्ही तिच्यावर लादता किती अन् पळवता किती, थे पाहा नं."

त्या माणसाने फुकटात जो धडा दिला, तोच आज तुम्हाला देतोय.

कागदावरची रेंज खोटी नसते, पण ती तुमची नसते

आपल्याकडे गाड्यांची तपासणी अधिकृत चाचणी संस्थांमध्ये होते. त्यातली एक म्हणजे पुण्याची एआरएआय, १९६६ साली सुरू झालेली. तिथे रेंज ठरलेल्या पद्धतीने मोजतात, म्हणजे वेग, वजन, परिस्थिती सगळं ठरलेलं. का? तर दोन गाड्यांची तुलना करता यावी म्हणून. त्या चाचणीत तुमचा तांदळाचा कट्टा नसतो, गावातला खड्डा नसतो आणि विदर्भाचा मे महिनाही नसतो.

म्हणून तो आकडा गाडी निवडताना वापरा. रोजची फेरी आखताना वापरू नका.

पायरी १: एका टक्क्यात किती किमी?

एका वहीत पाच रकाने पाडा: तारीख, माल किती किलो, निघताना बॅटरी किती टक्के, परतल्यावर किती टक्के, किती किमी झाले. पंधरा दिवस लिहा. या पंधरा दिवसांत काहीही बदलू नका, फक्त लिहा.

मग भागाकार करा. समजा ४८ किमी झाले आणि ६० टक्के बॅटरी संपली. ४८ भागिले ६० म्हणजे ०.८. तुमची गाडी एका टक्क्यात ०.८ किमी जाते. आता १०० ने गुणू नका! शेवटचे २० टक्के हात लावायचे नाहीत. रस्ता बंद असतो, पाऊस येतो, गिऱ्हाईक म्हणतं "भाऊ, एवढं तिकडे टाकून द्या." ते २० टक्के अशा वेळेसाठी. उरले ८० टक्के, गुणिले ०.८, म्हणजे ६४ किमी. ही तुमची धंद्याची रेंज. कागदावर १२५, हातात ६४.

माझाही आकडा असाच ०.८ निघाला होता. थोडं दुःख झालं, पण कुठे उभे आहोत हे कळलं. गल्ला मोजल्याशिवाय नफा कळत नाही, तसंच आहे हे.

पायरी २: गळती कुठे आहे ते शोधा

*वेग.* हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. ४० ऐवजी ५० ने गेलात तर तो अडथळा दीडपटीहून जास्त होतो. वरून ताडपत्री फडफडत असेल किंवा माल टपाच्या वर गेला असेल तर आणखी. साकोली रोडवर ५० ऐवजी ४० ने गेलात तर ४० किमीला १२ मिनिटं जास्त लागतात. बारा मिनिटं आधी निघा, विषय संपला.

*टायर.* हवा कमी म्हणजे गाडी जड. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा, कारण गाडी चालल्यावर टायर तापतात आणि आकडा फसवा येतो. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, माल भरलेल्या गाडीसाठी वेगळं असेल तर तेही. अंदाजाने जास्त भरू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

*ब्रेक चिकटणे.* हे कुणाच्या लक्षात येत नाही. सपाट जागेवर रिकामी गाडी न्यूट्रलला टाकून ढकलून बघा. एका माणसाला सहज ढकलता आली पाहिजे. जड जात असेल किंवा फेरीनंतर एकच चाक जास्त गरम लागत असेल, तर मेकॅनिककडून ब्रेक आणि बेअरिंग बघून घ्या. तुम्ही बॅटरीला दोष देत असता आणि चोर चाकात बसलेला असतो.

*ॲक्सिलरेटर.* बहुतेक ई-गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटरचं काम करते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. सगळी परत येत नाही, काही भागच. म्हणून गतिरोधक दिसला की लांबूनच पाय सोडा. शेवटपर्यंत पळवून जोरात ब्रेक मारला की आधी घातलेली वीज ब्रेकच्या गरमीत जाते.

पायरी ३: फेरीचा क्रम बदला

सगळ्यात जास्त फायदा मला इथे झाला, आणि हे गाडीच्या पुस्तकात नसतं. वजन किती आहे इतकंच बघू नका. ते वजन किती लांब वाहून नेता ते बघा.

समजा तुमच्या गोल फेरीत दोन गावं आहेत. एकाची ऑर्डर ३०० किलो, दुसऱ्याची ५०. तीनशेवालं गाव आधी लागेल अशा बाजूने फेरी सुरू करा. पुढचा सगळा रस्ता गाडी हलकी. उलट्या बाजूने गेलात तर तेच ३०० किलो पूर्ण जिल्हा फिरवून आणाल. किमी तेवढेच, बॅटरी मात्र जास्त जाईल. आणि परतीचे रिकामे क्रेट, "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेलं सामान, न विकलेला माल, हे सगळं रोज गाडीतून उतरवा.

पायरी ४: चार्जिंग आणि आपला उन्हाळा

भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. आज लगेच कळत नाही, पण दर उन्हाळ्यात तिचं आयुष्य थोडं थोडं कमी होतं. म्हणून उन्हातून आलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत उभी करा, तासभर थंड होऊ द्या, मग लावा. मुख्य चार्जिंग रात्रीच करा. पॉइंटला अर्थिंग नीट आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

रोज बॅटरी शून्यापर्यंत नेऊ नका. पूर्ण १०० टक्के कधी करायची, हे बॅटरीच्या प्रकारावर असतं. काहींना मीटर बरोबर राहावा म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज लागतं. इथे शेजाऱ्याचं ऐकू नका, पुस्तक वाचा. जुन्या लेड-ॲसिडच्या ई-रिक्षाचे नियम वेगळे आहेत, ते लिथियमला लावू नका.

अजून एक युक्ती. लांबच्या एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलून ठेवा की माल उतरवताना गाडी त्यांच्याकडे लावतो, युनिटचे पैसे देतो. चार तासांत भरणारी गाडी एका तासात साधारण पाव भरते. परतीच्या रस्त्यात जीव टांगणीला लागत नाही.

आता फायदा मोजू

दोन महिन्यांत माझा आकडा ०.८ वरून ०.९५ वर आला. ८० टक्के गुणिले ०.९५ म्हणजे ७६ किमी. रोज १२ किमी जास्त, महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ किमी. नवीन बॅटरी नाही, नवीन गाडी नाही, हप्ता तेवढाच. त्या १२ किमीत मी आणखी एक गाव जोडलं. साकोलीची फेरी मात्र आजही मी वाटेत चार्जिंग ठरवल्याशिवाय घेत नाही, कारण ८० हा आकडा ७६ पेक्षा मोठा आहे. लाखनीजवळ जे शिकलो ते विसरलेलो नाही.

आणि जे गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा: बॅटरी वर्षागणिक उतरते. आज ६४ किमी जाणारी गाडी बॅटरी ८० टक्क्यांवर आल्यावर ५१ किमी जाईल. कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतील. म्हणून धंदा ५१ वर बसतो का ते बघा. ६४ वर बसवलात तर शेवटच्या वर्षी हप्ता भरताना घाम फुटेल. घेण्याआधी आपला माल भरून, आपल्याच रस्त्यावर चालवून मागा. आणि वॉरंटी किती वर्षांची, किती किमीची, बॅटरी किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे तिन्ही आकडे लेखी घ्या.

गृहपाठ: उद्या सकाळी दोनच कामं. टायरची हवा तपासा आणि वहीत पहिली ओळ लिहा. पंधरा दिवसांनी तुमचा "एका टक्क्यात किती किमी" चा आकडा काढा. तो आकडा माहीत असलेला माणूस रस्त्यात अडकत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे उधारी, आणि तिची वही तर आणखी जाड आहे!