डोलकाठीला ठोकलेले निशाण

शिडाच्या जहाजांच्या काळी सागरी युद्धात निशाण हे केवळ ओळखीचे चिन्ह नव्हते. तोफांचा गडगडाट आणि धुराचे लोट यांमुळे शब्दाने काही कळवणे अशक्य असे. जहाज अजून लढत आहे की शरण आले आहे, हे निशाणावरूनच समजावयाचे. निशाण वर असेतो लढाई चालू, ते उतरवले की शरणागती. उतरवण्यास कष्टही फारसे पडत नसत; दोर सैल सोडला की झाले. ‘टू नेल वन्स कलर्स टू द मास्ट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा खरा अर्थ या दोरावाचून उमगत नाही. येथे ‘कलर्स’ म्हणजे रंग नव्हेत, तर जहाजाचे निशाण. ते डोलकाठीला खिळ्यांनी ठोकले की दोर निरुपयोगी होतो आणि शरण जाण्याची सोय उरत नाही.

हा वाक्प्रचार सामान्यतः जॅक क्रॉफर्ड या खलाशाच्या नावाशी जोडला जातो. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी हॉलंडच्या किनाऱ्याजवळ कॅम्परडाउन येथे इंग्रज व डच आरमारांची गाठ पडली. नौसेनापती डंकन याच्या ‘व्हेनरेबल’ या जहाजाच्या डोलकाठीचा शेंडा तोफगोळ्याने उडाला व त्याबरोबर निशाणही कोसळले. हे शरणागतीचे लक्षण समजले जाण्याचा धोका होता. तेव्हा बावीस वर्षांचा क्रॉफर्ड गोळीबारात वर चढला आणि त्याने निशाण मोडक्या काठीला ठोकून बसवले. डचांचा पराभव झाला. त्यांचा सेनापती द विंटर कैद झाला. मात्र प्रथा याहून जुनी आहे. १७७९ साली अमेरिकन कप्तान जॉन पॉल जोन्स याच्याशी लढताना इंग्रज कप्तान पिअर्सन याने आपले निशाण असेच ठोकवले होते. अखेर हार पत्करताना ते त्याला स्वतःच्या हातांनी ओढून काढावे लागले, असे सांगतात.

मराठीत याचे भाषांतर ‘आव्हान देणे’ किंवा ‘शड्डू ठोकणे’ असे केल्यास मर्म हरवते. शड्डू प्रतिपक्षाला उद्देशून असतो. खिळा मात्र प्रथम स्वतःला बांधतो. माघार घेण्याचा मोह उद्या आपल्यालाच होईल, हे जाणून तो ठोकलेला असतो. सिंहगडाच्या १६७० च्या लढाईशी परंपरेने निगडित असलेला ‘परतीचे दोर कापणे’ हा प्रयोग याला अधिक जवळचा आहे. तरी एक भेद उरतोच: दोर कापल्याचे शत्रूला दिसेलच असे नाही, निशाण सर्वांना दिसते.

विधेयक संमत न झाल्यास राजीनामा देईन, असे जाहीर सभेत सांगणाऱ्या मंत्र्याने आपले निशाण ठोकले, असे म्हणणे यथार्थ होय. नुसते मत उघड करणाऱ्यासही वृत्तपत्रे आता हाच प्रयोग लावतात. त्यात खिळा कोठे दिसत नाही.

निशाण उतरवण्याला इंग्रजीत ‘स्ट्राइक’ हे क्रियापद आहे. क्रॉफर्डचे गाव संडरलँड. त्याच बंदरात १७६८ साली, त्याच्या जन्मापूर्वी, असंतुष्ट खलाशांनी जहाजांवर जाऊन शिडांच्या आडकाठ्या खाली उतरवल्या, जेणेकरून एकही जहाज हलू नये. या कृतीच्या वर्णनातही तेच क्रियापद आले आणि संप या अर्थाचा ‘स्ट्राइक’ हा शब्द तेथूनच रूढ झाला, असे मानतात.