मेंदूचे ऑपरेशन झाले, मग छातीत इन्फेक्शन कसे?



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात नगर-मनमाड रस्ता, उसाच्या ट्रॉल्या आणि बिनहेल्मेटचा दुचाकीस्वार हे चित्र काही नवीन नाही. डोक्याला मार लागला की पेशंट लोणीला, नगरला नाहीतर पुण्याला हलवतात. ऑपरेशन होते. आणि चार-पाच दिवसांनी डॉक्टर सांगतात, "छातीत इन्फेक्शन झालंय." नातेवाईक गोंधळतात. मार डोक्याला, मग बिघाड छातीत कसा? याचे उत्तर आपल्या श्वसनसंस्थेच्या पाठातच आहे.

निरोगी माणसात काय घडते?

आपल्या तोंडात आणि घशात असंख्य जीवाणू कायम असतात. लाळेबरोबर त्यातले थोडे झोपेत श्वासनलिकेतही उतरतात. पण खोकला त्यांना बाहेर फेकतो आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफ वर ढकलतात. खोकणे, गिळणे या क्रियांवर मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाचे नियंत्रण असते. म्हणजे फुफ्फुसाचा राखणदार मेंदूत बसलेला आहे!

व्हेंटिलेटरवर काय बदलते?

मेंदूला इजा झाली किंवा गुंगीचे औषध चालू असले की हा राखणदार झोपतो. शिवाय तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेली असते. नळीभोवती छोटा फुगा असतो. त्याच्यावर लाळ साचते आणि कडेने थोडी थोडी खाली झिरपते. नळीच्या आत जीवाणूंचा चिकट थरही जमतो. व्हेंटिलेटर लावल्यावर 48 तासांनंतर होणाऱ्या अशा न्यूमोनियाला डॉक्टर 'व्हीएपी' म्हणतात. भारतातल्या आयसीयूंमध्ये क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे जीवाणू जास्त आढळतात. त्यातले बरेचसे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. म्हणून कफाचा नमुना कल्चरला पाठवतात. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण तोवर उपचार थांबवून चालत नाही.

म्हणजे व्हेंटिलेटर वाईट असे मुळीच नाही. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला होता. यंत्र जीव वाचवते, पण राखण माणसांनाच करावी लागते. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली ठेवणे, तोंडाची स्वच्छता, साचलेली लाळ ओढून काढणे, हात धुणे आणि शक्य तितक्या लवकर नळी काढणे, ही ती राखण.

नातेवाइकांनी काय करावे?

1. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका.
2. पेशंटच्या तोंडात पाणी, तीर्थ, दूध काहीही घालू नका. चमचाभर पाणीसुद्धा फुफ्फुसात जाऊ शकते. अंगारा लावायचा असेल तर आधी सिस्टरांना विचारा. श्रद्धा आहे, पण नळी आणि टाक्यांपासून ती लांब ठेवलेली बरी.
3. "एकच माणूस आत" हा नियम तुमच्या पेशंटसाठीच आहे. त्यावरून भांडू नका.
4. "पलंग किती उचललाय? तोंड कधी स्वच्छ केलं?" हे शांतपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे.
5. घरी साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. अशा वापरानेच जीवाणू औषधाला सरावतात.

वर्गात घ्यायचा उपक्रम

15 ऑक्टोबर हा आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन, तसाच जागतिक हात धुवा दिनही. त्या दिवशी एका मुलाच्या तळहाताला रांगोळीचा रंग लावा आणि त्याला ओळीने दहा जणांशी हात मिळवायला सांगा. रंग कितव्या हातापर्यंत पोचला ते मुलांनाच मोजू द्या. मग साबणाने किमान 20 सेकंद हात धुऊन घ्या आणि नखांच्या कडेला उरलेला रंग दाखवा. जीवाणू दिसत नाहीत, पण जातात याच वाटेने.

हे मूल उद्या आजोबांना भेटायला दवाखान्यात गेले, तर आधी हात धुईल आणि सोबतच्या मोठ्यांनाही धुवायला लावील. पाठाचे मूल्यमापन याहून चांगले कोणते असेल?